यादीबाईची चूक

दादा, तुझं मशीन अजून चालू आहे.

दीड महिना झाला तुला जाऊन. औषधं दुकानात परत केली, चष्मा कपाटात गेला, स्कूटरची किल्ली वहिनींच्या पर्समध्ये. माझ्या यादीतलं एकेक काम संपत आलं. पण तुझ्या टेबलावरचा जुना लॅपटॉप कुणी बंद केलेला नाही, कारण सकाळी आठला, दुपारी दोनला आणि संध्याकाळी आठला तो तुझ्या आवाजात बोलतो. ‘सुनंदा, थेंब.’ मग जरा थांबून आणखी एखादं वाक्य. वहिनी असतील तिथून येतात, खुर्चीत बसतात, मान मागे टाकतात आणि काचबिंदूचे थेंब घालून घेतात. एकही वेळ चुकलेली नाही. तू गेलास त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना दुपारी दोनला तू आतल्या खोलीतून म्हणालास, ‘सुनंदा, थेंब. आणि पंखा बंद कर, नाहीतर थेंब गालावर येतो.’ वहिनी उठल्या आणि त्यांनी पंखा बंद केला.

तिसऱ्या दिवशी मी फोन घेऊन टेबलापाशी उभी राहिले आणि तुझा आवाज रेकॉर्ड करून घेतला. मी तशीच आहे, तुला माहीत आहे. म्हटलं, एक काम झालं. डायरीत टिकही केली. संध्याकाळी तू वेगळंच वाक्य बोललास. दुसऱ्या दिवशी तिसरंच. मग वहिनींनी सांगितलं, ‘अगं, तो दार लावून बसायचा ना, ते हेच. खूप वाक्यं रेकॉर्ड करून ठेवलीत म्हणायचा. काल म्हणाला ते मी पहिल्यांदाच ऐकलं.’ म्हणजे तू अजून न बोललेलंही त्यात होतं, आणि किती होतं ते कुणालाच माहीत नव्हतं.

मग गुरुवारी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला: शनिवारी देखभालीसाठी वीज बंद, दहा ते चार.

मी लगेच कागद घेतला. बॅटरी: फुगली म्हणून तूच काढून टाकलेली, म्हणजे लॅपटॉप फक्त वायरवर. इन्व्हर्टर: वर्षभर मेलेला. माझ्या घरचा यूपीएस: वीस मिनिटं. सोसायटीचा जनरेटर: लिफ्टपुरता. स्क्रीन: कुलूपबंद, पासवर्ड हवा. तुझी बॅकअपची डिस्क खणात सापडली, तीही कुलूपबंद. कॉलेज रोडच्या दुरुस्तीच्या दुकानात जाऊन विचारलं. तो म्हणाला, ‘मॅडम, लिनक्स आहे ना? पूर्ण डिस्क लॉक केलेली असणार. एकदा बंद झालं की चालू होतानाच पासवर्ड मागणार. नसेल तर आतलं विसरा. आणा इकडे, फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो, काकूंना सोपं पडेल.’

मी म्हटलं, ‘फॉरमॅट नको.’

‘मग बंद करू नका,’ तो म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मशीन बंद करायची वेळ येऊ नये हाच तर तुझा सगळ्यात मोठा मुद्दा असायचा. ‘तुझी विंडोज बघ, दर आठवड्याला म्हणते, मला झोपायचंय, मला उठायचंय. माझं मशीन दिवाळीला चालू केलं ते अजून जागं आहे.’ दहा वर्षं हे ऐकलं मी. रविवारी सकाळी पोहे खाता खाता तू सुरू करायचास आणि वहिनी म्हणायच्या, ‘झालं, बसले दोघं संसदेत.’ मनमाडला रेल्वेच्या सिग्नल खात्यात तू आयुष्य काढलंस, रोज पहाटेची गाडी पकडून. त्यामुळे तुझ्या सगळ्या वादांना एकच शेवट असायचा. ‘सिग्नल बिघडला तर तो लाल व्हायला पाहिजे. हिरवा राहिला तर माणसं मरतात. मशीनचंही तेच. शंका आली की थांबलं पाहिजे.’ लिनक्समध्ये काही टाकायचं तर ते पासवर्ड विचारतं, सॉफ्टवेअर त्याच्याच भांडारातून येतं, वाटेत पडलेलं काही उचलावं लागत नाही, हे तुझं म्हणणं. म्हणून वेगळ्या अँटिव्हायरसची गरज नाही.

माझं म्हणणंही सांगते, कारण आता मध्ये बोलायला तू नाहीस. मी शाळेचं ऑफिस चालवते. आमची जुनी परिपत्रकं जुन्या फाँटात आहेत. तुझ्या मशीनवर उघडली तर मराठीच्या जागी किडामुंगी दिसायची. शाळेचा प्रिंटर तुझ्याकडे कधी नीट चालला नाही. तू दोन तास खटपट करायचास आणि शेवटी पेन ड्राइव्ह घेऊन माझ्याकडे यायचास. सरकारी पोर्टलवर डिजिटल सही करायची ती छोटी यूएसबी काडी तुझ्या लिनक्सने ओळखली नाही. घरच्या माणसाला मशीन चालवायचं असतं, मशीनची सेवा करायची नसते. मी विंडोज ठेवली, वर पैसे भरून अँटिव्हायरस ठेवला, आणि त्याच्या नूतनीकरणाची तारीख डायरीत लिहीत आले.

‘विंडोजच्या आत आता स्वतःचं संरक्षण असतं,’ तू म्हणायचास. ‘घरी तेवढं पुरतं. एकावर एक दोन रखवालदार ठेवलेस तर ते एकमेकांनाच अडवतात, मशीन मंद होतं. अपडेट टाळू नको, बॅकअप घे, घाई करू नको. संपलं.’

‘आणि पासवर्ड?’

‘लांब ठेव. अवघड नको, लांब. आणि कुठे लिहू नको.’

‘मी डायरीत लिहिते.’

‘म्हणून तर तू यादीबाई.’

पासवर्ड लिहायचा की नाही, हा वाद आपण संपवलाच नाही. तुझ्या डोक्यात होते ते तुझ्याबरोबर गेले. माझ्या डायरीत आहेत ते उद्या माझ्या मुलीला मिळतील. मी बरोबर होते, दादा. त्याचं इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी तुझ्या टेबलाखालची धूळ पुसताना मी लॅपटॉप वायरीसकट अलगद तिरका केला आणि खाली चिकटवलेली पट्टी दिसली. तुझं अक्षर. ‘विसरलो तर: यादीबाईची चूक.’

मी खाली फरशीवरच बसले. मग राग आला. तू, ज्याने मला दहा वर्षं लिहू नको म्हणून सांगितलं, तूच लिहून ठेवलंस. आणि लिहिलंस ते काय, तर माझी चूक. कुठली? माझ्या चुकांची यादी मी कधी केलेली नाही. त्या दिवशी पहिल्यांदा केली.

वहिनी बाजूला बसून शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, ‘मनमाडचं असेल. तू आम्हाला नाशिकरोडला उभं केलंस आणि गाडी मनमाडहून होती.’ ती चूक मान्य आहे. तिकिटं, पाण्याच्या बाटल्या, कुलपं, दशम्या, सगळं यादीत होतं; फक्त स्टेशन चुकीचं होतं. तू मला काही बोलला नाहीस. टॅक्सीत बसून मनमाडपर्यंत सिग्नल दाखवत राहिलास. मी ते टाइप केलं. चूक. वास्तुशांतीच्या आमंत्रणात वहिनींच्या वडिलांचं नाव राहिलं होतं. तेही केलं. चूक. तिसऱ्यांदा चुकल्यावर पडद्याने दहा मिनिटं दार बंद केलं.

त्या दहा मिनिटांत मी उभी, बसते, पुन्हा उभी. वहिनी म्हणाल्या, ‘अगं, जरा टेक तरी.’ मला टेकवेना, कारण एक चूक मी कागदावर लिहिली नव्हती, आणि मला भीती वाटत होती की तीच असेल, म्हणजे तुला ती माहीत असेल.

ती आता लिहिते. तू माझ्याकडे शेवटचा आलास त्या रविवारच्या आधीच्या आठवड्यात माझ्या पडद्यावर तांबडी पाटी आली. तुमच्या संरक्षणाची मुदत संपली, संगणकात विषाणू सापडले, लगेच या क्रमांकावर फोन करा. चिन्ह हुबेहूब माझ्याच अँटिव्हायरससारखं. आणि माझ्या डायरीत त्याच आठवड्यात ‘नूतनीकरण’ लिहिलेलं होतं. यादीत होतं म्हणून मला खरं वाटलं. खोटी पाटी ओळखायला मी शाळेतल्या बायकांना शिकवते, दादा. मी फोन केला. माणूस अदबीने बोलत होता. ‘मॅडम, घबराइए मत, मैं लाइन पे हूँ.’ त्याने एक छोटं सॉफ्टवेअर उतरवायला लावलं, पडद्यावरचा आकडा वाचायला सांगितला, मी वाचला. आणि माझा हात मांडीवर असताना माझा माउस हलायला लागला. सरळ, सावकाश, कुणीतरी माझ्या घरात अनवाणी फिरतंय तसा. त्याने एक फोल्डर उघडलं. दुसरं उघडलं.

तेव्हा तुझंच आठवलं. बिघडलं तर लाल. मी खाली वाकले आणि भिंतीतली वायर उपटली. मग राउटरची. नंतर सगळं रीतसर केलं: दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदलले, बँकेला कळवलं, मशीन पुसून पुन्हा उभं केलं. काही गेलं नाही. माझे पासवर्ड कागदावर होते, म्हणून त्या फिरणाऱ्या माउसला सापडले नाहीत. हे तुला सांगून वाद जिंकायची मला केवढी इच्छा होती! पण जिंकण्यासाठी आधी हरलेलं सांगावं लागलं असतं.

आणि त्याच रविवारी तू आलास, हातात पेन ड्राइव्ह. ‘काय यादीबाई, काढू का ते पाळलेलं विंडोजचं भूत? लिनक्स दाखवतो, नुसतं बघ. पटलं नाही तर माझं नाव बदल.’ मी म्हटलं, ‘माझ्या मशीनला हात लावायचा नाही. तुला काय वाटतं, तुझ्याशिवाय आमचं चालत नाही?’ चहा ठेवलेला होता, तो न घेता गेलास. दारातून म्हणालास, ‘बरं.’ एवढंच. तुझ्याकडून ‘बरं’ मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. तुझ्याकडे नेहमी पुढचं वाक्य असायचं.

दुसऱ्या दिवशी डायरीत लिहिलं: दादाला फोन. झाला नाही, खाली बाण काढून पुढच्या पानावर नेलं. पुन्हा नेलं. माझी पद्धतच आहे, राहिलेलं काम पुढच्या पानावर जातं. एकोणीस पानं तो बाण गेला. विसाव्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला. त्या दिवशीच्या पानावरही ती ओळ होती. आणि मी वेडी असेन, पण त्यानंतरही मी ती पुढे नेत राहिले. खोडायला हात होईना आणि टिक करता येईना.

दहा मिनिटं झाली. मी ‘फसवणूक’, ‘तांबडी पाटी’, सगळं टाइप करून पाहिलं. चूक. म्हणजे तुला ती माहीत नव्हती. सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं, की आता कधीच सांगता येणार नाही.

शुक्रवारी शाळेत रजा टाकली. घरी माझ्या सगळ्या डायऱ्या आहेत, वर्षवार, पाठीवर लेबल लावून. तू त्यांना ‘पुरातत्त्व खातं’ म्हणायचास. मी पहिल्या कपाटापासून सुरुवात केली. तुझी लाल खूण शोधायची होती. तू माझी डायरी उचलायचास आणि काही मजेशीर दिसलं की लाल पेनने गोल काढायचास, मी ओरडेपर्यंत. तीन डायऱ्या झाल्या, पाच झाल्या. अकरा वर्षांपूर्वीच्या डायरीत, आमच्या घरात पहिल्यांदा संगणक आला त्या वर्षीच्या, मार्चच्या पानावर लाल गोल होता. गोलात माझी ओळ:

आंटी व्हायरस नूतनीकरण करणे राहिले.

बाजूला तू लिहिलं होतंस, ‘कुठल्या आंटीचं? वय किती?’

मला आठवलं. तेव्हा कानावर जसं पडलं तसं लिहिलं होतं. तू इतका हसलास की तुला ठसका लागला, वहिनींनी पाठीवर थापट्या मारल्या. मी नवीनच सगळं शिकत होते. मला हसू आलं नाही. डायरी ओढून घेतली आणि म्हटलं, पुन्हा हात लावलास तर बघ. त्यानंतर माझ्यासमोर तू तो शब्द कधी उच्चारला नाहीस. मी ‘अँटी’ लिहायला शिकले आणि चूक विसरून गेले. तू तिला कुलूप केलंस. लांब, सोपं, आणि जगात दुसऱ्या कुणाला सुचणार नाही असं.

रिक्षा करून आले. वहिनींना ओळ वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, ‘अगं बाई, आंटी व्हायरस? मला तर वाटायचं ते तुझं लाडाचं नाव आहे. आंटी व्हायरस आली होती का, आंटी व्हायरस जेवली का, असंच विचारायचा. मला काय माहीत ती चूक आहे!’

रोमन अक्षरांत कसं लिहिलं असशील, हा प्रश्न उरला होता. पण तुझे मेसेज मी इतकी वर्षं वाचत आले. ‘व्हा’ला तू डब्ल्यू लावत नाहीस, व्ही-एच लावतोस. दीर्घ ई तू कधीच दोनदा लिहीत नाहीस. आंटीला मात्र इंग्रजीतल्या आंटीचंच स्पेलिंग, नाहीतर विनोद गेला असता. मी तुझ्यासारखं लिहिलं, पूर्ण ओळ, ‘राहिले’ पर्यंत. पडदा उघडला.

दादा, तू यादी केली होतीस! फोल्डरमध्ये प्रत्येक वाक्याला क्रमांक, तीन आकडी, आधी शून्य लावून, म्हणजे क्रम बिघडत नाही. मी तुला शिकवलेलं, शाळेच्या फायलींवरून. तू तेव्हा म्हणाला होतास, हे कारकुनी सोपस्कार. मी सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर घेतल्या, एक प्रत माझ्याकडे, एक वहिनींच्या कपाटात. शेवटच्या फाइलची तारीख दिसली. आपल्या त्या रविवारचा दुसरा दिवस.

माझं बोट तिच्यावर होतं. वहिनी मागून म्हणाल्या, ‘पुढचं ऐकायचं नाही.’

‘एकच, वहिनी.’

‘एकही नाही. तो ज्या दिवशी जे म्हणेल ते. माझ्यासाठी केलंय ते.’

शनिवारी बरोबर दहाला मशीन गेलं. पहिल्यांदाच इतक्या दिवसांत त्याचा पंखा थांबला आणि खोली मोठी वाटायला लागली. दोन वाजता मीच म्हटलं, ‘वहिनी, थेंब.’ त्या म्हणाल्या, ‘एवढ्या मोठ्यानं काय? तो हळू म्हणतो.’ चारला वीज आली. बटण दाबलं, पडद्याने पासवर्ड मागितला, मी माझी चूक अक्षर न अक्षर बरोबर लिहिली, आणि ते उठलं. संध्याकाळी आठला तू म्हणालास, ‘सुनंदा, थेंब. बाटली हलवून घे.’ वहिनींनी हलवून घेतली.

त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी आठला तुमच्याकडे येत होते. ते शेवटचं वाक्य कधी येणार याची तारीख कुठे लिहिता येत नव्हती, कारण मशीन क्रम न पाळता कुठलंही वाक्य उचलत होतं. पेन ड्राइव्ह माझ्या पर्समध्ये, दाबलं की संपलं. शाळेत लक्ष लागेना, भाजीवाल्याशी विनाकारण भांडले, दोनदा यादी घरी विसरले. तू कधी चष्म्याबद्दल बोललास, कधी कढीपत्त्याच्या झाडाला पाणी घालायला सांगितलंस. वहिनी मला चिडवायच्या, ‘बघ, तुझी सिरियल लागली.’

काल नववा दिवस. आठ वाजले. तू घसा साफ केलास.

‘सुनंदा, थेंब. आणि त्या आंटी व्हायरसला फोन लाव. काहीतरी झालंय तिला, सांगत नाहीये. ती स्वतः नाही करायची, तिच्या यादीत मी रोज उद्यावर जाईन. मी केला तर भांडेल. तू कर.’

मशीन गप्प झालं. वहिनींनी थेंब घातले. डॉक्टरांनी सांगितलेली दोन मिनिटं डोळे मिटून बसल्या. मी हाताच्या अंतरावर उभी होते. मग त्यांनी चाचपडत स्वतःचा फोन घेतला आणि तू माझ्यासाठी बसवून दिलेला तीन नंबर दाबून धरला. माझ्या पर्समध्ये फोन वाजायला लागला.

‘वहिनी, मी इथेच आहे.’

‘उचल,’ त्या म्हणाल्या. ‘त्याने सांगितलंय.’

मी उचलला. हॅलो म्हटलं.

‘काय झालं होतं गं तुला?’ वहिनींनी फोनमध्ये विचारलं.

मी खुर्ची ओढून बसले आणि फोन कानाला धरूनच त्यांना तांबड्या पाटीपासून सगळं सांगितलं, तुझ्या मशीनसमोर, त्यालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

आजच्या पानावर ‘दादाला फोन’ ही ओळ मी आणलेली नाही.